चहा की कॉफी? आधी घड्याळ बघा

आमच्या घरात आई पक्की चहाबाज आणि मी कॉफीवाला, त्यामुळे "तुझ्या कॉफीने झोप उडते", "तुझ्या चहाने पित्त होतं" हे रोजचंच. पण खरं सांगू का, कुठलं चांगलं यापेक्षा कधी आणि कशाबरोबर पिता हेच जास्त बघावं लागतं.

आधी कॅफीन मोजा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या गाईडलाइन्समध्ये दिवसाला 300 मिलिग्रॅमची लिमिट सांगितलीये. 150 मिलीच्या कपात ताज्या कॉफीचं 80 ते 120, इन्स्टंटचं 50 ते 65 आणि चहाचं 30 ते 65. म्हणजे कडक चहा आणि घरची इन्स्टंट कॉफी जवळपास सारखीच, तेव्हा दिवसाला सहा कप चहा मारणाऱ्याने कॉफीवाल्याला ज्ञान देऊ नये.

आता मेन गोष्ट. आईचं हिमोग्लोबिन कायम कमी, लोहाच्या गोळ्या चालू तरी फरक नाही, आणि बाई रोज पोह्यांबरोबर चहा घेणार. चहातलं टॅनिन अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, कॉफीचंही तेच पण चहाइतकं नाही. पोह्यांवर लिंबू पिळलं की लोह जास्त शोषलं जातं आणि आपण लगेच वरून चहा ओतून ते घालवतो! म्हणून खाण्याच्या आधी आणि नंतर तासभर दोन्ही बंद. थायरॉइडची गोळी असेल तर ती नुसत्या पाण्याबरोबर, कपाला हात अर्ध्या-एक तासाने.

झोपेचं म्हणाल तर कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी सहाची कॉफी रात्री अकरालाही अर्धी अंगात असते. मी चारनंतर बंद केली.

कोलेस्टेरॉल जास्त असेल तर कॉफी पेपर फिल्टरची घ्या, स्टीलच्या फिल्टरमधून तेलकट भाग खाली उतरतो आणि तोच एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवतो. पित्ताचं ज्याचं त्याचं वेगळं, आठवडाभर एक बंद करून बघा, मग दुसरं.

आणि साखर. चार कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे 30 ग्रॅमच्या वर गेलात, खारी-बिस्किटं वेगळीच.

आईचा चहा आता साडेनऊला असतो. नऊपासून चार वेळा घड्याळ बघते आणि मला शिव्या घालते.