मुंबईत नवीन आहात? वादळाच्या बातमीत आधी शब्द बघा

मी लातूरकडचा. आमच्याकडे वादळ म्हणजे धुरळा, दोन पत्रे उडाले, चार थेंब पडले, संपला विषय. इथं मे-जून किंवा दिवाळीच्या आसपास टीव्हीवर समुद्रात तो गोल फिरायला लागला की गावाकडून फोन सुरू, "काय रे, बुडतीय का मुंबई?" त्यांना एवढंच विचारायचं, खाली शब्द कुठला लिहिलाय.

कमी दाबाचं क्षेत्र असेल तर छत्री घ्या आणि कामाला जा. मग त्याहून जोराच्या पायऱ्या, डिप्रेशन आणि डीप डिप्रेशन, यांना नाव मिळत नाही. वारा ताशी ६२ किमीच्या पुढे गेला की ते चक्रीवादळ, आणि नाव तेव्हाच लागतं. पुढे तीव्र, ११८ पासून अतितीव्र, असं चढत चढत २२० च्या वर सुपर सायक्लोन. हा वेग ३ मिनिटांची सरासरी असतो बरं का, मधला एखादा झोत त्याहून जोरात बसतो. अमेरिकेतलं हरिकेन, जपानकडचं टायफून आणि आपलं चक्रीवादळ, प्रकार एकच, फक्त समुद्र वेगळा.

नावं आपल्या भागातले १३ देश देतात, २०२० च्या यादीत प्रत्येकाची १३ म्हणजे १६९. त्यातलं पहिलंच 'निसर्ग', बांगलादेशनं दिलेलं, ३ जून २०२० ला अलिबागजवळ धडकलं, मुंबई थोडक्यात वाचली पण रायगडची पार वाट लागली. 'तौक्ते' म्यानमारचं, अर्थ पाल! आमची आई अजून 'टाकते' म्हणते.

तौक्ते धडकलं गुजरातला, म्हणून मी १७ मे २०२१ ला निवांत होतो. दुपारी स्लायडिंग खिडकीच्या खाचेतून पाणी कारंज्यासारखं आत यायला लागलं, दोन चादरी कोंबल्या तरी थांबेना, शेवटी बादली लावून बसलो. शेजारच्या कोळीण मावशी म्हणाल्या, बंदरावर धोक्याचा बावटा कधीच लागलाय, बोटी परत आल्यात, तू कुठं होतास? त्यामुळे धडकणार कुठं एवढंच बघू नका, जाताना किती जवळून जातंय तेही बघा.

आणि नाव नाही म्हणून गाफील राहू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, ते चक्रीवादळ नव्हतंच. रेड अलर्ट असेल तर भरतीची वेळ बघून ऑफिसातून निघा, बॉसला काय वाटायचं ते वाटू दे.