मेणवलीचा घाट: आधी पेस्टलमध्ये, मग मेणात

सॉफ्ट पेस्टल आणि एन्कॉस्टिक, म्हणजे वितळलेल्या मेणात रंग कालवून करायचे चित्रण, ही दोन माध्यमे आपल्याकडे क्वचितच एका चित्रकाराच्या हाती दिसतात. माझ्या अनुभवात मात्र ती एकमेकांची उणीव भरून काढतात. पेस्टल जागेवर बसून तासा-दीड तासात पूर्ण होते, कारण त्यात काही वाळायचे नसते; मेण घराबाहेर नेता येत नाही, पण पेस्टलला जी खोली कधीच मिळत नाही ती थरावर थर चढवून त्यात आणता येते. म्हणून मी बाहेरचे पेस्टल हे टिपण मानतो आणि त्यावरून घरी मेणातले चित्र उभे करतो. ही पद्धत एकाच विषयावर सांगितली तर नीट कळेल, म्हणून वाईजवळच्या मेणवलीचा घाट घेतो. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेत उतरणारा हा काळ्या दगडाचा घाट चंद्रकोरीसारखा वळलेला आहे, त्यामुळे सकाळी त्याच्या काही पायऱ्या उजेडात आणि काही सावलीत असतात. शिकणाऱ्याला याहून चांगला विषय मिळणे कठीण.

साहित्याच्या दुकानात नुसते ‘पेस्टल’ म्हटले की बहुधा शाळकरी मुलांची ऑइल पेस्टलची पेटी पुढे येते. ती तेल-मेणाची असते आणि आपल्याला ती नको आहे. सॉफ्ट पेस्टलच्या कांडीत रंगद्रव्य, खडूसारखी पांढरी भुकटी आणि कांडी जेमतेम धरून ठेवण्यापुरता डिंक एवढेच असते, म्हणून कागदावर लावताना जो रंग दिसतो तोच शेवटपर्यंत राहतो. तयार पेट्यांमध्ये भडक रंग भरपूर आणि गडद रंग अगदी थोडे असतात. पेटी लहान घ्यावी आणि उरलेल्या पैशांत काळपट जांभळी, काळपट हिरवी आणि गडद निळी अशा कांड्या सुट्या घ्याव्यात. त्यांच्याशिवाय सह्याद्रीतला दगड दगड वाटत नाही. आपला बेसाल्ट काळा म्हणून ओळखला जातो, परंतु सकाळच्या उन्हात तो जांभळट राखाडी आणि सावलीत निळसर दिसतो. माझ्या पेटीतल्या निम्म्याहून अधिक कांड्या वेगवेगळ्या राखाडी आहेत. आंब्याचा गर्द हिरवाही मी हिरव्या कांडीने करत नाही. खाली गडद निळा आणि वर पिवळ्या मातीचा रंग हलक्या हाताने फिरवला की तो आपोआप जमतो.

कागदाला दात, म्हणजे रंग धरून ठेवणारा खरबरीतपणा, हवेत, नाहीतर तिसऱ्या थरानंतर रंग घसरू लागतो. आयात केलेला खरबरीत पेस्टल पेपर उत्तम असतो, पण महाग पडतो. घरी करायचा असेल तर ३०० जीएसएमच्या जाड जलरंगाच्या कागदाला, एक वाटी ॲक्रिलिक जेसोत (चित्राखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तरात) पाव वाटी संगमरवराची बारीक भुकटी आणि थोडे पाणी मिसळून, रुंद ब्रशने दोन हात द्यावेत, एक आडवा आणि वाळल्यावर दुसरा उभा. मिश्रणात गेरूसारखा तांबूस रंग घालावा. हिरव्या-राखाडी चित्रात हा तांबूसपणा फटींतून डोकावत राहतो आणि चित्राला ऊब देतो. सरावासाठी हार्डवेअरच्या दुकानातला ४०० नंबरचा वॉटर पेपर चालतो, मात्र तो टिकाऊ नसल्यामुळे ठेवायचे चित्र त्यावर काढू नये.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. साडेसहाला जागेवर पोहोचावे आणि नऊ-सव्वानऊला आवरावे, कारण त्यानंतर ऊन डोक्यावर येऊ लागते व घाट सपाट दिसतो. बसल्याबसल्या रंगांना हात लावू नये. आधी काडेपेटीएवढ्या तीन-चार चौकटी आखून पेन्सिलीने केवळ तीन टोन, म्हणजे उजळ-गडदपणाच्या पातळ्या, मांडावेत: आकाश आणि उन्हातल्या पायऱ्यांचा उजळ, झाडे आणि सावलीतल्या पायऱ्यांचा गडद, पाणी आणि वाड्याच्या भिंतीचा मधला. या इवल्या चौकटीत चित्र उभे राहिले नाही तर मोठ्या कागदावर ते कोणत्याही रंगाने उभे राहणार नाही. माझ्याकडे शिकायला येणारे हीच पायरी सर्वाधिक वेळा गाळतात, आणि मग दुपारी ‘रंग चुकले’ म्हणतात. बहुतेक वेळा रंग बरोबर असतात आणि टोन चुकलेले असतात.

सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे अर्ध्या तासात पायऱ्यांवरची सावलीची कड स्पष्टपणे हललेली असते. पहिल्या दहा मिनिटांत ती कड गडद कांडीने पक्की करावी आणि पुढे तिच्यामागे धावू नये. त्यानंतर कांडी आडवी धरून मोठे आकार भरावेत, आधी गडद, मग मधले, शेवटी उजळ. पहिला थर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या ब्रशने पसरवला तर तो कागदात मुरतो आणि दात मोकळे राहतात. बोटाने घासण्याचा मोह मात्र टाळावा, कारण घासलेला रंग मळतो आणि सॉफ्ट पेस्टलची सारी झळाळी ही कागदावर सुट्या राहिलेल्या कणांची असते.

एक जागा जवळून पाहू. सर्वांत खालच्या पायरीवर, पाणी जिथे हेलकावते तिथे, वीतभर उंचीची ओली पट्टी असते. ती वरच्या कोरड्या दगडापेक्षा दोन टोनांनी गडद असते, आणि तिच्या वरच्या कडेला उन्हाची एक बारीक तुटक रेघ चमकते. या पट्टीसाठी मी काळपट जांभळी कांडी आडवी ओढतो, तिच्यावर निळसर राखाडी जवळजवळ वजन न देता फिरवतो, आणि फिकट पिवळी कांडी टोकावर धरून, दाब देऊन, एकदाच ओढतो. हात थरथरला तर रेघ तुटते आणि ती तशीच चांगली दिसते. दुसऱ्यांदा ओढली की चमक जाते आणि खडूची रेघ उरते.

घाटावर धुणे धुणाऱ्या बायका असतात. त्यांना चित्रात घ्यायचे असेल तर आधी विचारावे. “मावशी, घाटाचं चित्र काढतोय, तुम्ही त्यात आलात तर चालेल ना?” एवढे पुरते. “काढ की, पण माझं धुणं दिसू दे नीट,” असे मला एकदा उत्तर मिळाले, आणि खरोखरच दगडावर पसरलेल्या त्या लाल लुगड्याने चित्राला हवा असलेला एकमेव लाल ठिपका दिला.

पेस्टलची पूड फुंकरीने कधीही उडवू नये. काही रंगांत कॅडमियमसारखे धातू असतात आणि ती पूड श्वासात जाते. बोर्ड किंचित पुढे झुकवून ठेवला की पूड खाली पडते. तिथे कागदाची पन्हळ करून ती गोळा करावी. मी ही पूड आणि तुटके तुकडे रंगांनुसार डब्यांत साठवतो, पुढे मेणात त्यांचा उपयोग होतो. मळलेल्या कांड्या डब्यात तांदळाच्या कणीत घालून हलवल्या की स्वच्छ होतात. भाकरी सोडण्याआधी हात साबणाने धुवावेत, हे सांगायला नको, तरी सांगतो.

चित्र घरी नेताना त्यावर ग्लासिन हा गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद ठेवून दोन पुठ्ठ्यांमध्ये चिमट्यांनी घट्ट धरावे, म्हणजे कागद सरकत नाही. फिक्सेटिव्ह, म्हणजे पूड धरून ठेवणारा फवारा, शेवटच्या थरावर मारू नये, त्याने उजळ रंग काळवंडतात. मारायचाच तर खालच्या थरांवर मारावा. फ्रेम करताना काच आणि चित्र यांच्यामध्ये माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, जागा सुटलीच पाहिजे. ॲक्रिलिकच्या पत्र्याऐवजी काच घ्यावी, कारण ॲक्रिलिकवरचा स्थिर विद्युतभार पूड ओढून घेतो. एका फ्रेमवाल्याने माझ्या एका चित्रावर थेट काच दाबली होती. त्या पावसाळ्यात ओल आत शिरली, निम्मे आकाश काचेला चिकटले आणि उरलेल्यावर बुरशी आली. तेव्हापासून फ्रेम होताना मी समोर उभा राहतो.

कोरड्या रंगात निसर्ग किती मृदूपणे येतो हे पाहायचे असेल तर कोल्हापूरला चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयात जावे. चित्रपट अभिनेते म्हणून परिचित असलेल्या मांडरे यांची पावडर शेडिंगची, म्हणजे कोरड्या रंगपुडीने केलेली, निसर्गचित्रे तिथे आहेत.

आता मेण. एन्कॉस्टिक हा शब्द ‘जाळून आत भरणे’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. इजिप्तमधल्या फायूम येथील, इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांतली मृतांची बरीच व्यक्तिचित्रे या तंत्राने केलेली आहेत आणि त्यांतले कितीतरी डोळे आजही ओले वाटतात. अमेरिकी चित्रकार जॅस्पर जॉन्स यांनी १९५४-५५ मध्ये ध्वजाचे प्रसिद्ध चित्र याच तंत्राने केले आणि विसाव्या शतकात हे माध्यम पुन्हा चर्चेत आले.

मेण मधमाश्यांचेच हवे. बाजारात पांढऱ्या वड्यांच्या रूपात मिळते ते पॅराफिन असते आणि त्याचा थर ठिसूळ होतो. खरे मेण बोटांत चुरले तर मऊ पडते व त्याला मधाचा वास येतो. महाबळेश्वर परिसरात मधपाळांकडे ते मिळते; त्याच तालुक्यातले मांघर २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. पिवळे मेण उन्हाळ्यातल्या गवताला आणि मातीला साजते, पण निळ्या रंगाला हिरवट करते. म्हणून आकाश आणि पाण्यासाठी शुद्ध करून पांढरे केलेले मधमाशीचे मेण वेगळे ठेवावे.

मेणाला कडकपणा येण्यासाठी त्यात डामर नावाची राळ घालतात. दुकानात नाव स्पष्ट सांगावे, कारण आपल्या कानाला ते डांबर वाटते आणि पुढे डांबरगोळ्या येऊ शकतात. वजनाने आठ भाग मेण आणि एक भाग राळ हे प्रमाण मला योग्य वाटते. तापमान राखता येईल अशा विजेच्या हॉटप्लेटवर, थर्मामीटर लावून, आधी मेण वितळवावे आणि मग कुटलेली राळ घालून ९० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे. राळ विरघळायला एक-दोन तास लागले तरी आच वाढवू नये. पुढे मलमलच्या फडक्यातून गाळून जुन्या आप्पेपात्रात वड्या पाडाव्यात. ते पात्र पुन्हा स्वयंपाकात वापरायचे नाही.

इथे काही गोष्टी कसोशीने पाळाव्यात. गॅसच्या ज्योतीवर मेण ठेवू नये. धूर दिसला म्हणजे मेण जास्त तापले आहे. तो धूर डोळ्यांना आणि घशाला त्रासदायक असतो, म्हणून खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट पंखा चालू असावा. मेणाने पेट घेतला तर पाणी अजिबात ओतू नये, पात्रावर झाकण टाकून हॉटप्लेट बंद करावी. कोरडी पूड मेणात मिसळताना मास्क लावावा.

चित्रासाठी १२ मिलिमीटरचे प्लायवूड घ्यावे. कॅनव्हास वाकतो आणि त्यावर मेण तडकते; ॲक्रिलिक जेसो लावलेल्या पृष्ठावर ते नीट धरत नाही. उघड्या लाकडावर मेण-राळेचे दोन थर देऊन ते तापवून मुरवावेत आणि पेस्टलवरून मुख्य रेषा ट्रेस करून घ्याव्यात. ब्रश डुकराच्या केसांचे हवेत, कारण नायलॉन वितळते. ब्रश धूत बसण्यापेक्षा प्रत्येक रंगकुळाला एक ब्रश नेमून द्यावा. मेण थिजले तरी हॉटप्लेटवर टेकवताच तो पुन्हा मऊ होतो.

प्रत्येक थर खालच्या थराशी उष्णतेने जोडावा लागतो, आणि सारे कौशल्य इथे आहे. हीट गन, म्हणजे गरम हवेचा झोत सोडणारे यंत्र, दहा-पंधरा सेंटिमीटरवर धरून सतत फिरवत राहावी. मेणाचा मंद पृष्ठभाग एका क्षणी ओल्यासारखा लकाकतो. तो क्षण दिसताच गन पुढे न्यावी. लकाकी आली नाही तर थर पुढे पापुद्र्यासारखा सुटतो, आणि क्षणभर जास्त थांबले तर पायऱ्या वाहून नदीत जातात. हा क्षण ओळखायला मला दहा-बारा फळ्या खर्ची घालाव्या लागल्या, आणि त्या वाया गेल्या असे मी मानत नाही.

घाटाच्या चित्रात मी आधी तांबूस थर देतो, त्यावर दगडाचे तीन-चार पातळ राखाडी थर, मधूनमधून रंगाशिवायचे निव्वळ मेण. पायऱ्यांच्या कडा ब्रशने न काढता मेण थिजल्यावर दाभणाने कोरतो, त्या खाचेत काळपट तैलरंग भरून वरचा फडक्याने पुसून घेतो आणि हलकी आच देतो. अशी रेघ दगडातली भेग वाटते. साठवलेली पेस्टलची पूड उन्हातल्या भागावर बोटाने हलकेच चोळून पुन्हा आच दिली की जागेवरच्या कांडीचा दाणेदारपणा मेणात उतरतो.

पूर्ण झालेल्या चित्राला काच लागत नाही, पण उन्हापासून त्याला जपावे लागते. एप्रिलमध्ये बंद मोटारीत दोन तास ठेवलेले माझे एक चित्र वरच्या कागदाला कायमचे चिकटले. सुरुवातीच्या महिन्यांत मेणावर पांढुरकी साय येते; ती दोष नसून मेणाचा स्वभाव आहे. जुन्या धोतराचा मऊ तुकडा घेऊन तळहाताच्या उबेने हळूहळू घासावे. साय निघते, आणि खालच्या पायरीवरची ती ओली पट्टी पुन्हा काळी, खोल दिसू लागते.