हिस्टोग्राम नंतर काढा, आधी व्हेरिअन्स बघा

सांगलीत एम.एस्सी.ला संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे प्रोजेक्टसाठी मुलं आणतात तो डेटा बहुतेक द्राक्षबागेचाच. आणला की लगेच हिस्टोग्राम (कुठला आकडा किती वेळा आला त्याचा स्तंभालेख) काढतात आणि विचारतात, "सर, हे कुठलं डिस्ट्रिब्युशन?" म्हणजे आकडे कुठल्या गणिती साच्यात बसतात? बागेतल्या एकाच प्लॉटच्या हिस्टोग्रामच्या आकारावरून ते ठरवू नका. पुरेसे प्लॉट घ्या, प्रत्येकाची सरासरी आणि व्हेरिअन्स (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) काढा आणि सरासरी वाढली की व्हेरिअन्स कसा वाढतो ते पाहा.

यामागे भक्कम गणित आहे. नॅचरल एक्स्पोनेन्शियल फॅमिलीत (डिस्ट्रिब्युशन्सच्या एका खास गणिती कुटुंबात) व्हेरिअन्स फंक्शन, म्हणजे सरासरीवरून व्हेरिअन्स सांगणारं सूत्र, आणि सरासरी कुठून कुठपर्यंत जाऊ शकते, एवढं कळलं की फॅमिली पक्की होते. कार्ल मॉरिस यांनी १९८२ साली सिद्ध केलं की हे फंक्शन जास्तीत जास्त दुसऱ्या घाताचं असेल, तर मूळ प्रकार सहाच: नॉर्मल, पॉयसाँ, गॅमा, बायनॉमिअल, निगेटिव्ह बायनॉमिअल आणि हायपरबोलिक सीकंटचा एक. लेटाक आणि मोरा यांनी १९९० मध्ये तिसऱ्या घाताचे आणखी सहा दिले. इन्व्हर्स गाउसिअन त्यांतलाच. मला हा निकाल फार सुंदर वाटतो.

आता थ्रिप्स (द्राक्षावरचे बारीक किडे) घ्या. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकायचा आणि पडलेले किडे मोजायचे. समजा, तीन प्लॉटच्या सरासऱ्या २, ५ आणि १० आल्या, व्हेरिअन्स ४.१, १७ आणि ६१. व्हेरिअन्सला सरासरीने भागा: २.०५, ३.४, ६.१. पॉयसाँत व्हेरिअन्स सरासरीइतकाच असतो; इथे चढतंच चाललंय, म्हणजे पॉयसाँ बाद. सरासरीच्या वर्गाने भागा: १.०३, ०.६८, ०.६१. गॅमात हा भागाकार स्थिर राहतो; इथे उतरतंय, म्हणजे गॅमाही नाही. (तसेही किड्यांची संख्या पूर्णांकात येते, आणि गॅमा वजनासारख्या सलग मापांसाठी.) आता व्हेरिअन्समधून सरासरी वजा करून मग वर्गाने भागा: ०.५३, ०.४८, ०.५१. जवळपास स्थिर! व्हेरिअन्स असा सरासरी अधिक तिच्या वर्गाचा ठरावीक पट आला, की हा निगेटिव्ह बायनॉमिअल. किडे घोळक्याने राहतात, त्यामुळे हे पटण्यासारखंच आहे.

दहा पानांपैकी भुरी (बुरशीचा रोग) किती पानांवर, असा डेटा असेल तर सरासरी मधोमध असताना व्हेरिअन्स फुगतो आणि सरासरी दहाच्या जवळ गेली की पुन्हा उतरतो. तो बायनॉमिअल.

रोजच्या पावसाला मात्र वेगळी वाट. कोरडे दिवस शून्य, बाकीचे मिलिमीटरमध्ये. महाबळेश्वर, सातारा, जत अशा ठिकाणांच्या सरासरीचा आणि व्हेरिअन्सचा लॉग घेऊन रेघ बसवा. त्या रेघेचा चढ १ आणि २ च्या मध्ये आला तर ट्वीडी (व्हेरिअन्स सरासरीच्या ठरावीक घाताप्रमाणे वाढतो अशी फॅमिली) वापरून बघा. त्यात शून्यं आपोआप सामावतात. चढ ० आणि १ च्या मध्ये आला तर त्या घाताची ट्वीडी फॅमिली मुळात अस्तित्वातच नाही, दुसरं काही शोधावं लागेल.

घडाच्या वजनाला चढ २ आला म्हणून लगेच गॅमा लिहू नका. लॉगनॉर्मललाही (ज्याचा लॉग घेतला की नॉर्मल मिळतं) तोच चढ येऊ शकतो, आणि ते नॅचरल एक्स्पोनेन्शियल फॅमिलीत बसत नाही. इथे वजनांचा लॉग घेऊन हिस्टोग्राम काढा: डावीकडे शेपूट लांबली तर गॅमा, दोन्ही बाजू सारख्या असतील तर लॉगनॉर्मल.