ब्लूड घ्यावं की स्टेनलेस? पुण्याच्या हवेत बंदूक सांभाळणाऱ्यांसाठी

खंडेनवमीला आजोबांच्या बारा बोअर बंदुकीची पूजा केली, नळीवर हळदीकुंकवाची दोन बोटं ओढली, वर झेंडूचं ओलं फूल ठेवलं, तेवढ्यात पाहुणे आले आणि ती रात्रभर तशीच पाटावर राहिली. दसऱ्याला सकाळी फडकं फिरवलं तर कुंकू गेलं पण खाली बोटाच्याच आकाराचा तांबूस डाग, हाताला खरखरीत लागणारा. एका रात्रीत! तेव्हापासून कोणी नवीन लायसनवाला विचारायला लागला की "ब्लूड घेऊ का स्टेनलेस", तर मी आधी उलट विचारतो की तू पुसणार किती दिवसांनी आणि ठेवणार कुठे, दिसायला काय छान वाटतं ते नंतर बघू.

आधी ब्लूड म्हणजे काय ते नीट समजून घ्या कारण दुकानातसुद्धा बरेच जण त्याला "काळा रंग" म्हणतात. तो रंग नाही. पोलादाचा वरचा थर मुद्दाम, आपल्या ताब्यात ठेवून गंजवलेला असतो. कारखान्यात सहसा कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या उकळत्या पाण्यात साधारण १३५ ते १५० डिग्रीला भाग बुडवून ठेवतात आणि वर मॅग्नेटाइटचा निळसर काळा थर तयार होतो. लाल गंज फुगतो, सुटतो आणि आतलं लोखंड खात जातो, हा काळा थर घट्ट बसतो. पण तो केसापेक्षाही कितीतरी पातळ असतो आणि एकट्याच्या जिवावर पाणी अडवत नाही. त्याचं खरं काम तेल धरून ठेवणं. घरातला बिडाचा तवा आठवा, तेलाचा हात फिरवलेला असला की वर्षानुवर्षं काळाकुळकुळीत, आणि घासून ओला ठेवला की दुसऱ्या दिवशी लाल. ब्लूडचा स्वभाव अगदी तोच आहे.

आता स्टेनलेस. इथे लोकांची सगळ्यात मोठी चूक होते, स्वयंपाकघरातली ताटवाटी डोळ्यासमोर असते ना. ताटवाटीच्या चांगल्या स्टीलमध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, चुंबक जवळपास चिकटतच नाही. बंदुकीच्या नळीचं स्टेनलेस वेगळं, बहुतेक वेळा ४१० नाहीतर ४१६ ग्रेडचं, त्यात क्रोमियम साधारण १२-१३ टक्के, कारण ते उष्णता देऊन कडक करता आलं पाहिजे आणि नळीचा दाब सोसला पाहिजे. ४१६ मध्ये तर मशीनवर सोपं कापलं जावं म्हणून गंधक घालतात आणि त्यामुळे गंजाला विरोध अजून थोडा कमी होतो. चुंबक लावून बघा, टचकन चिकटेल. म्हणजे स्टेनलेस गंजतं, फक्त उशिरा आणि ठिपक्याठिपक्यांनी. स्टेनलेसचं पहिलं रिव्हॉल्वर, स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ६०, १९६५ मध्ये आलं, अंगाला लागून राहणारं छोटं हत्यार घामाने खराब होऊ नये ही त्यामागची गरज होती, आणि आजही स्टेनलेसचा खरा फायदा घामालाच आहे.

माझ्या मावसभावाचं उदाहरण देतो. स्टेनलेस रिव्हॉल्वर घेतलं, याला काही होत नाही असं धरून चालला, आणि अख्खा पावसाळा ते चामड्याच्या होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेला लावायच्या म्यानात, घालून कपाटात. वरून सगळं चकाचक. मी मुठीच्या फळ्या काढायला लावल्या तर फळीच्या कडेने, घाम आणि दमट हवा जिथे अडकते तिथे, मोहरीएवढे तपकिरी खड्डे, आणि आतल्या स्प्रिंगवर चक्क लाल गंज. कारण स्टेनलेस बंदुकीतसुद्धा स्प्रिंग, पिना, स्क्रू असे बरेचसे भाग साध्या पोलादाचे असू शकतात. आणि चामडं ओल धरतं, कमावताना वापरलेली रसायनंही त्यात राहिलेली असतात, म्हणून ब्लूड असो की स्टेनलेस, होल्स्टर नेण्यापुरतं, ठेवण्यासाठी नाही.

ब्लूडमध्ये माझ्याकडून झालेली चूकही सांगतो. २०२४ ला आपल्याकडे निवडणुका दोनदा झाल्या, लोकसभेच्या वेळी आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि निकाल ४ जूनला, आणि तेवढ्या काळासाठी माझं ब्लूड रिव्हॉल्वर जमा करायला लागलं. देताना मी ते कोरड्या फडक्याने छान पुसून दिलं, म्हणजे होतं तेवढं तेलही काढून टाकलं. परत मिळालं तेव्हा पाऊस सुरू झालेला, सिलिंडरच्या, म्हणजे गोळ्या भरायच्या फिरत्या भागाच्या, खाचांमध्ये लाल पावडर. त्यामुळे जमा करताना तेलाचा जाड हात मारा, सुती फडक्याऐवजी तेलकट कागदात गुंडाळा, आणि पावती घेताना हत्यार कशा अवस्थेत आहे ते लिहून घ्या. ज्यांना हे दर निवडणुकीला करावं लागतं त्यांनी स्टेनलेस घेतलेलंच बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तसंच मुळशी, लोणावळा, वेल्हे बाजूला ज्यांचं फार्महाऊस किंवा शेती आहे, जिथे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते, त्यांनीही स्टेनलेसच. कोकणात समुद्राजवळ राहणाऱ्यांनी स्टेनलेस घ्या पण निश्चिंत होऊ नका, मीठ स्टेनलेसलाही खातं. हाताला खूप घाम येत असेल तरी स्टेनलेस. पण ज्यांची बंदूक शहरातल्या कोरड्या फ्लॅटमध्ये कपाटात असते, नेमबाजीच्या रेंजवरून आल्यावर दहा मिनिटं बसून पुसायची सवय आहे, त्यांनी ब्लूड खुशाल घ्या, सहसा स्वस्त पडतं आणि उन्हात कमी चमकतं. ओरखड्याचं मात्र लक्षात ठेवा, ब्लूडवर पांढरी रेघ कायम दिसते, मॅट स्टेनलेसवरची घासून बुजवता येते. स्टेनलेसला साधी लोखंडी तारेची घासणी मात्र लावू नका, तिचे कण वर रुतून बसतात आणि मग तेच गंजतात.

सांभाळायचं कसं तर आधी हत्यार रिकामं आहे याची डोळ्यांनी आणि बोटाने, दोन्ही प्रकारे खात्री. मग बोटांचे ठसे पुसून पातळ गन ऑइलचा हात, ओघळेल इतकं नाही. खोबरेल तेल अजिबात नको, पुण्याच्या थंडीत ते थिजतं आणि जुनं झालं की चिकट होतं. डब्ल्यूडी-४० ने पाणी हटतं पण महिनोन्महिने राखण करायला ते नाही. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बघा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा, आणि एसी गाडीतून बाहेर काढल्यावर नळीवर दव धरलं तर तेव्हाच पुसा. स्टेनलेस सिलिंडरच्या तोंडावरची काळी वर्तुळं काढायला जे लेड (गोळीचं शिसं) काढायचं फडकं मिळतं ते ब्लूडला लावलं तर ब्लूइंगच निघून येईल, व्हिनेगर आणि गंज काढायच्या लिक्विडनेही तेच होतं. कुंकू आता आम्ही लाकडी दस्त्याला लावतो.

जुनी ब्लूड बंदूक पांढरी पडली म्हणून परत ब्लूइंग करणार असाल तर जोडनळीवाल्यांनी हे नक्की वाचा. दोन नळ्या आणि मधली पट्टी बहुतेक वेळा कथिल-शिशाच्या डाखाने जोडलेली असते आणि गरम कॉस्टिकची टाकी तो डाख खाते, नळ्या सुटू शकतात. त्यांना जुन्या पद्धतीचं, हळूहळू गंज चढवून उकळत्या पाण्यात काळं करायचं रस्ट ब्लूइंगच लागतं, ते येणारा कारागीर मिळेपर्यंत नुसतं तेल लावून ठेवा. काम लायसन असलेल्या गनस्मिथकडेच द्या आणि पॉलिश करताना नळीवरचा नंबर पुसट होणार नाही हे आधी बजावून सांगा, तो नंबर घालवणं आर्म्स अॅक्ट १९५९ प्रमाणे गुन्हा आहे. मी देण्याआधी नंबरचा फोटो काढून ठेवला होता आणि परत घेताना दुकानातच भिंग लावून एकेक आकडा जुळवून पाहिला.