पेशीभित्तिकेवर मारा करणारं नवं अँटिबायोटिक शोधताय? या चुका टाळा

"मॅडम, झोन आला!" एमएससीच्या प्रोजेक्टची मुलं पावसाळ्यात हे वाक्य घेऊन धावत येतात. मातीतून काढलेल्या ॲक्टिनोमायसीट जीवाणूचा अर्क, स्टॅफिलोकोकसच्या प्लेटवर काचेसारखा स्वच्छ झोन (जीवाणू न वाढलेलं वर्तुळ), ई. कोलायवर मात्र काहीच नाही. मग लगेच दुसरं वाक्य: "व्हॅन्कोमायसिनसारखंच दिसतंय, म्हणजे सेल वॉलवरच (पेशीभित्तिकेवरच) काम करत असणार."

पहिल्या वाक्याचा आनंद खरा असतो. घोळ होतो तो दुसऱ्या वाक्यात. ग्रॅम पॉझिटिव्ह (स्टॅफिलोकोकससारखे, बाहेरचा पडदा नसलेले) मेले आणि ग्रॅम निगेटिव्ह (ई. कोलायसारखे, तो असलेले) तगले, याचा अर्थ इतकाच निघतो की तुमचा रेणू ई. कोलायच्या बाहेरच्या पडद्यातून आत गेला नसावा किंवा गेला तरी बाहेर फेकला गेला असावा. एरिथ्रोमायसिनचं चित्र जवळपास असंच दिसतं, आणि त्याचं लक्ष्य रायबोसोम आहे. झोनवरून यंत्रणा सांगता येत नाही.

पेशी फुटल्या की भित्तिकाच तुटली असं धरून चालणं ही याच्याही पुढची चूक. पेप्टिडोग्लायकन, म्हणजे भित्तिका ज्याची बनते ते जाळं, कांद्याची जाळीदार गोणी समजा. आतला दाब बाहेर ढकलतो, गोणी तो धरून ठेवते. पेनिसिलिन ही गोणी फाडत नाही, ते नवे टाके घालू देत नाही. पेशी वाढत राहते, जुने टाके तोडणारे तिचेच एन्झाइम चालू राहतात आणि अर्ध्या-पाऊण तासाने ती फुटते. साबणासारखा रेणू थेट भित्तिकेच्या आतलं पेशीपटल उसवतो, त्याला काही मिनिटं पुरतात. म्हणून घड्याळ लावा. प्रोपिडियम आयोडाइड (पटल फाटलेल्या पेशीतच शिरणारा लाल रंग) घालून पाहा: पाच-दहा मिनिटांत पेशी लाल चमकल्या तर संशय पटलावर घ्या. त्याच दिवशी मेंढीच्या तांबड्या पेशींवरही थेंब टाका. त्यांना भित्तिकाच नसते; त्या विरघळल्या तर मारा पटलावर आहे, पुढचे सहा महिने वाचले.

आणखी एक सोपी परीक्षा आहे. पेनिसिलिन फक्त वाढत्या जीवाणूंना मारतं हे १९४२ पासून माहीत आहे. नुसत्या बफरमध्ये स्वस्थ बसलेल्या पेशीही तुमच्या अर्काने तितक्याच झपाट्याने मेल्या, तर भित्तिकेची गोष्ट बाजूला ठेवा. याच्या उलटही होतं. रात्रभर वाढून थकलेल्या कल्चरमध्ये औषध घालायचं आणि "मारत नाही" म्हणून चांगला रेणू फेकून द्यायचा. ताजं, लॉग फेजमधलं (जोमाने वाढणारं) कल्चर घ्या.

आता माझी स्वतःची फजिती. एका सेफॅलोस्पोरिनसदृश रेणूचा टाइम-किल (किती वेळात किती जीवाणू मरतात ही चाचणी) मी नुसत्या ओडीवर (द्रवाच्या गढूळपणावर) केला होता. ओडी वाढतच गेली, तेव्हा वहीत "निष्क्रिय" लिहून मोकळी झाले. दोन दिवसांनी सहज म्हणून स्लाइड पाहिली, तर ई. कोलायच्या जागी शेवया! एकेक पेशी लांबच लांब, मध्ये कुठे भिंत पडलेली नाही. पीबीपी म्हणजे भित्तिकेचे टाके घालणारी, पेनिसिलिन ज्यांना चिकटतं ती प्रथिनं. पीबीपी-३ अडलं की पेशी लांबत जाते पण दुभागत नाही. द्रव गढूळ होतो, ओडी चढते, आणि प्लेटवर अख्खी शेवई एकच कॉलनी देते. पीबीपी-२ अडलं, जसं मेसिलिनमने, तर पेशी गोल लाडवासारख्या होतात. ओडीसोबत कॉलनी मोजा, आणि दर तासाला एक स्लाइड पाहाच. दहा मिनिटांचं काम आहे, आणि कुठलं पीबीपी अडलंय याचा पहिला अंदाज तिथेच मिळतो.

छत्रपती संभाजीनगरच्या वॉकहार्टच्या संशोधन केंद्रात घडलेलं झिडेबॅक्टम हे औषध याच कारणासाठी समजून घेण्यासारखं आहे. त्याला नुसतं बीटा-लॅक्टमेज (पेनिसिलिनच्या कुळातली, म्हणजे बीटा-लॅक्टम औषधं तोडणारं जीवाणूंचं एन्झाइम) रोखणारं म्हणून मोजलं असतं तर हातचं गेलं असतं. एनडीएम या बीटा-लॅक्टमेजला ते रोखत नाही, पण पीबीपी-२ घट्ट धरतं. त्याच्या जोडीच्या सेफेपिम या सेफॅलोस्पोरिनचा रोख पीबीपी-३ वर असतो. दोघं मिळून एनडीएमवाल्या जीवाणूंनाही भारी पडतात.

एन्झाइमवर चालतं म्हणजे पेशीवर चालेल, हा भ्रम जुना आहे. भित्तिकेचा कच्चा माल बनवणारे मुर-ए ते मुर-एफ हे एन्झाइम पेशीच्या आत, सायटोप्लाझममध्ये बसलेले. नळीत त्यांना रोखणारे रेणू पुष्कळ सापडले, पण या टप्प्यावरचं दवाखान्यात रुळलेलं ठळक नाव एकच, मुर-ए अडवणारं फॉस्फोमायसिन. ते आत जातं तेही साखर-फॉस्फेट आणणाऱ्या वाहकांचा हात धरून. त्यातला एक वाहक ग्लुकोज-६-फॉस्फेट असल्याशिवाय जागा होत नाही. म्हणून फॉस्फोमायसिनची एमआयसी (जीवाणूंची वाढ रोखणारी किमान मात्रा) अगार डायल्यूशनने (औषध मिसळलेल्या अगारवर), माध्यमात दर मिलिलिटरला २५ मायक्रोग्रॅम ग्लुकोज-६-फॉस्फेट घालून काढतात. ते विसरलात तर चांगला संवेदनशील स्ट्रेन 'रेझिस्टंट' दिसेल. नव्या रेणूची एमआयसी येतच नसेल, तर तो निकामी ठरवण्याआधी टोल-सी (औषध बाहेर फेकणाऱ्या पंपाचा भाग) काढलेल्या किंवा बाहेरचा पडदा विरलेल्या स्ट्रेनवर लावून बघा. तिथे चालला तर रेणू ठीक आहे, अडचण दाराशी आहे.

प्लेट लावतानाच्या चुका थोडक्यात. पेरणी दर मिलिलिटरला ५ लाख जीवाणूंची हवी. मॅकफार्लंड ०.५ च्या (ठरावीक गढूळपणाच्या) नळीतून डोळ्यांच्या अंदाजाने थेंब टाकलात आणि ती दसपट-वीसपट झाली, तर बीटा-लॅक्टमेजवाल्या स्ट्रेनची एमआयसी उगाच चढते. लांब चरबीची शेपटी असलेले ग्लायकोपेप्टाइड प्लास्टिकला चिकटून बसतात, त्यांना ०.००२ टक्के पॉलिसॉर्बेट-८० लागतं. बीटा-लॅक्टमचा स्टॉक फ्रिजच्या दारात आठवडाभर ठेवू नका, विशेषतः इमिपेनेमचा. छोटे भाग करून उणे ६० च्या खाली ठेवा, आणि एकदा वितळलेला परत गोठवू नका. एटीसीसी २९२१३ या तपासणीसाठीच्या प्रमाण स्टॅफवर व्हॅन्कोमायसिनची एमआयसी दर मिलिलिटरला ०.५ ते २ मायक्रोग्रॅमच्या बाहेर आली, तर त्या दिवशीची अख्खी प्लेट रद्द, तुमचा रेणू कितीही छान दिसत असला तरी.

"रेझिस्टन्स येतच नाही" हे वाक्य तर प्रबंधात लिहूच नका. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या गटाने २०१५ मध्ये मांडलेल्या टेक्सोबॅक्टिन या अँटिबायोटिकला प्रतिरोधी म्युटंट मिळाले नाहीत हे खरं. ते प्रथिनाला न चिकटता लिपिड-२ ला, म्हणजे भित्तिकेची वीट वाहून आणणाऱ्या रेणूला, चिकटतं, आणि लिपिड एका म्युटेशनने बदलत नाही. पण व्हॅन्कोमायसिनही लिपिड-२ च्याच शेपटीला धरतं. ते १९५८ मध्ये वापरात आलं आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एन्टेरोकोकसने शेपटीतलं शेवटचं डी-ॲलानिन काढून डी-लॅक्टेट बसवलं. त्यासाठीची जनुकं त्याने बाहेरून आणली होती. तुमच्या प्लेटवर एकाच जातीचे जीवाणू असतात, उसनं मागायला शेजारीच नाही. तेव्हा चारपट एमआयसीवर १०० कोटी पेशी पसरून एकही कॉलनी आली नाही, तर "१०० कोटींत एकापेक्षा कमी" असं लिहा, आणि व्हॅन-ए (हाच शेपटीबदल घडवणारी जनुकं) असलेला एन्टेरोकोकस त्याच आठवड्यात लावून बघा.