बुद्धिबळ इंजिनाला हॅश टेबल कसे जोडावे

आधी डी४ आणि मग सी४ खेळा, किंवा उलट क्रमाने; काळ्याच्या खेळी त्याच असतील तर पटावर शेवटी एकच स्थिती उभी राहते. इंजिन मात्र ती दोनदा तपासते. हे टाळायला तपासलेल्या स्थितींची नोंदवही, म्हणजेच हॅश टेबल, लागते. तुमचा अल्फा-बीटा शोध (निरुपयोगी फांद्या छाटत पुढच्या खेळी तपासणारा) बिनचूक चालत असेल, तरच पुढे वाचा.

पहिली पायरी किल्लीची, म्हणजे स्थिती ओळखणाऱ्या आकड्याची. अल्बर्ट झोब्रिस्टने १९७० मध्ये मांडलेली पद्धत आजही पुरते. १२ प्रकारचे मोहरे गुणिले ६४ घरे, म्हणजे ७६८ यादृच्छिक ६४-बिट आकडे. शिवाय काळ्याच्या पाळीचा एक, किल्लेकोटाचे (कॅसलिंगचे) चार, आँ पासाँचे (दोन घरे पुढे आलेले प्यादे बाजूने मारण्याच्या नियमाचे) आठ. पटाला लागू असलेल्या सगळ्यांचे एक्सॉर (बिट वेगळे असतील तिथे १, सारखे तिथे ० देणारी क्रिया; तोच आकडा दोनदा लावला की तो निघून जातो) म्हणजे किल्ली. खेळी झाली की जुन्या घराचा आकडा एक्सॉरने काढा, नव्याचा घाला. मारलेला मोहरा विसरू नका. चाचणीच्या काळात दर खेळीनंतर किल्ली नव्याने मोजून ताडून पाहा. इथे कंटाळा केला, तर पुढच्या चुका सापडता सापडत नाहीत.

दुसरी, टेबल. नोंदींची संख्या दोनाच्या घातात ठेवा, म्हणजे किल्लीचे खालचे बिट थेट जागा सांगतात. १६ बाइटची नोंद धरली तर ६४ एमबीत ४१,९४,३०४ नोंदी मावतात. नोंदीत पूर्ण किल्ली, सर्वोत्तम खेळी, खोली (किती खेळी पुढे पाहिले), गुण (स्थितीचे मूल्य) आणि गुणांचा प्रकार हवा. जागा भरलेली असेल तर सुरुवातीला सरळ जुनी नोंद पुसा, हुशारी नंतर.

खरी मेख प्रकारात आहे. अल्फा म्हणजे आपल्याला आधीच हमखास मिळणारे गुण, बीटा म्हणजे प्रतिस्पर्धी जास्तीत जास्त मिळू देईल ते. बीटा गाठून शोध थांबला, तर गुण ‘किमान’. अल्फाच्या वर काहीच गेले नाही, तर ‘कमाल’. मधले ते ‘अचूक’. नोंदीची खोली पुरेशी असेल, तर अचूक गुण लगेच परत करा. किमान गुण बीटाइतका किंवा जास्त, अथवा कमाल गुण अल्फाइतका किंवा कमी असेल, तेव्हाही तसेच. खोली अपुरी असली तरी नोंदीतली खेळी सर्वांत आधी तपासा. माझ्या मते टेबलाची निम्मी कमाई इथेच आहे.

शहमातचे (चेकमेटचे) गुण मुळापासून, म्हणजे शोध सुरू झाला त्या स्थितीपासून नव्हे, तर नोंदीतल्या स्थितीपासून मोजून साठवा: आपण शहमात देत असू तर साठवताना मुळापासूनचे अंतर मिळवा, वाचताना वजा करा; आपल्याला शहमात बसत असेल तर उलट. पुनरावृत्तीची बरोबरी टेबल पाहण्याआधी तपासा, कारण किल्लीला डावाचा इतिहास ठाऊक नसतो.

कसोटीला ग्रँडमास्टर रूबेन फाइनच्या ‘बेसिक चेस एंडिंग्ज’ या पुस्तकातली ७० क्रमांकाची स्थिती द्या. पांढरा: राजा ए१, प्यादी ए४, डी४, डी५, एफ४. काळा: राजा ए७, प्यादी ए५, डी६, एफ५. पांढऱ्याची पाळी, उत्तर राजा बी१. टेबल बंद ठेवून एकदा, चालू करून एकदा चालवा आणि ठरावीक वेळात गाठलेली खोली ताडा.