गौरीच्या नैवेद्याचा "अंदाज" कागदावर कसा आणला

आमच्याकडे गौरीचा सगळा स्वयंपाक सासूबाईंच्या हातात, आणि प्रमाण विचारलं की "अगं बघून घाल की", बस. त्यांना लिहून द्या म्हणणं म्हणजे वाद, म्हणून मी वेगळाच उपाय केला. आदल्या रात्री डाळ, गूळ, तूप, गोडा मसाला सगळे डबे किचनच्या वजनकाट्यावर ठेवून वजन टिपलं, दुसऱ्या दिवशी त्यांना हवं तसं करू दिलं आणि पंगत उठल्यावर तेच डबे परत मोजले. फरक म्हणजे त्यांचा अंदाज! हरभरा डाळ अर्धा किलो आणि गूळही जवळपास तेवढाच निघाला, कटाच्या आमटीचा मसाला मात्र मला वाटलं होतं त्याहून कितीतरी कमी.

मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं, हे फार कामाचं ठरलं कारण पुरण शिजताना त्या आपोआप बोलतात, झारा पुरणात उभा राहिला की गॅस बंद वगैरे, हे विचारून कधीच सांगितलं नसतं.

वहीत तारखा नाही लिहिल्या, त्या दरवर्षी बदलतात. अनुराधा नक्षत्राला आवाहन, त्या दिवशी भाजी-भाकरी, ज्येष्ठाला पूजन आणि पुरणपोळी, सोळा भाज्या, मूळला विसर्जन, असं लिहिलं. सोळा भाज्यांपैकी कुठल्या नाशिकच्या रविवार कारंजाला मिळतात तेही बाजूला टिपलंय. पानांचे फोटो फॅमिली ग्रुपवर टाकले, तर सिन्नरच्या जाऊबाईंचा लगेच मेसेज, आमच्याकडे आमटीत खोबरं जास्त असतं. तेही लिहिलं, खाली, वेगळ्या पेनाने.